डावीकडचा आवाज

रुस्तावीच्या बाजारात गाडी दाखवणाऱ्यानं
सगळा वेळ रेडिओ मोठा ठेवला होता.
मला वाटलं, माणूस हौशी आहे.
झुगदिदीपर्यंत तीनशे किलोमीटर मीही गाणीच ऐकली,
फाटकाशी रेडिओ बंद केला
आणि गटारावरच्या फरशीवरून जाताना
पहिल्यांदा ऐकू आलं —
टक्. जरा थांबून, टक् टक्.
बाहेर कुणी पत्ता विचारत उभं असावं तसं.

चंदेरी, चार दारांची, अकरा वर्षांची,
अमेरिकेतून बोटीनं आलेली.
सासू म्हणाली, डिकीत पाना राहिला असेल.
डिकी रिकामी केली. पाना नव्हता,
स्टेपनीही नव्हती.

नुगझार पोलंडमध्ये ट्रक चालवतो.
तिथून म्हणाला, फोन चाकाजवळ धर.
मग सासू बॉनेट दाबत राहिली, कणीक मळावी तशी,
मी चिखलात गुडघे टेकून
हात मडगार्डच्या आत.
त्यानं दोनदा ऐकलं.
"शॉक ॲब्झॉर्बर गेलाय," म्हणाला,
तिकडून तो सगळंच जितक्या खात्रीनं सांगतो
तितक्याच खात्रीनं.

ओतियानं आधी काहीच उघडलं नाही.
डावा कोपरा दाबला, सोडला. "मोज," म्हणाला.
तीन हेलकावे, चौथा अर्धा.
"चांगली गाडी एकदा दबते, एकदा उठते, आणि विसरते.
ही विसरत नाही.
नवऱ्याला सांग, बरोबर आहे त्याचं.
पण आवाज त्याचा नाही."

मग गाडी वर. खालून तिला मी कधी पाहिलं नव्हतं.
गंज, मीठ खाल्लेलं लोखंड, भेगाळलेली रबरं,
म्हाताऱ्या टाचांसारखी.
त्यानं एक बारीक दांडा बोटानं हलवला: टक्.
"हा. वीस लारी.
हा जन्मभर वाजला तरी तुझं काही बिघडवणार नाही."
मग चाक वर-खाली धरून हिसडलं.
काहीच ऐकू आलं नाही.
फक्त चाक किंचित हललं, हलायला नको तिथं.
"आणि हा बॉल जॉइंट. टोपण फाटलंय, ग्रीस आटलंय.
हा बोलत नाही.
हा मेस्तियाच्या वळणावर एक दिवस चाक सोडून देईल."

मी त्या गप्प लोखंडाकडे बघत राहिले.
पर्समध्ये तीनशे चाळीस होते, त्यातले साठ शाळेचे.

मागे उजवी बाजू दोन बोटं खाली बसली होती.
"इथं कोण बसतं?"
"सासू. पण ती चिमणीएवढी आहे, आणि गाडी दोनच महिने..."
"तुमचं नाही म्हणत. आधीचं."
स्प्रिंगवर हात ठेवून तो थोडा वेळ काहीच बोलला नाही.
कुणीतरी वर्षानुवर्षं बसत असणार तिथं,
जड, आणि कुठंही जाताना सोबत न्यावंसं वाटणारं.
दवाखान्यात, प्रार्थनेला, नुसतं फिरायलाही.
"ही राहू दे सध्या," ओतिया म्हणाला.
"शरदात हेझलनटची पोती डावीकडं रच."

संध्याकाळपर्यंत पुढची डावी बाजू नवी झाली.
शॉक जुन्याच गाडीतला, पण धड.
शाळेचे साठ उरले नाहीत.
ओतियानं हात पुसले, बिलावर त्याच हातांचा ठसा.

रेडिओ न लावता घरी आले.
फरशीवरून गेले. परत मागे घेतली, परत गेले.
सासू मागे उजवीकडं बसलेली,
म्हणाली, या सीटवर बरं वाटतं गं, खोलगट आहे.

रात्री नुगझारचा फोन.
"धर चाकाजवळ."
सासूनं कणीक मळली. मी हात आत घातला.
गाडी दबली, उठली, थांबली.
तिकडून आधी काहीच नाही.
मग त्याचा आवाज, जरा घाबरा:
"ग्वांत्सा? हॅलो?
लाईन तुटली का?"